टायरची जन्मतारीख

औषधाच्या दुकानात पट्टी हातात आली की मागे छापलेली तारीख पाहायची, ही सवय आता बहुतेक घरांत रुजली आहे. दुधाची पिशवी, बिस्किटाचा पुडा, सलाइनची बाटली, सगळ्यांवरची तारीख पाहिली जाते. टायर घेताना मात्र कंपनी, किंमत आणि नक्षी एवढेच पाहिले जाते. टायरवरही त्याच्या जन्माची तारीख कोरलेली असते, हे अनेकांना ठाऊकच नसते. रोज धावणाऱ्या गाडीला याचा फारसा फटका बसत नाही, कारण तिचे टायर म्हातारे होण्याआधीच झिजतात आणि बदलले जातात. फटका बसतो तो वर्षातून चार-सहा वेळाच बाहेर पडणाऱ्या, हौसेने जपलेल्या जुन्या गाडीला.

वाकोल्यासारख्या वस्तीत एखाद्या जुन्या सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली झाकलेली प्रीमिअर पद्मिनी किंवा फियाट अकराशे अजूनही दिसते. तिचे माहेरही जवळच आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. वाकोल्याहून कलिना ओलांडले की कुर्ला आलेच. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी काही दशके शहरभर धावली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची वयोमर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली. आता उरल्या आहेत त्या हौशी मालकांच्या गाड्या.

टॅक्सी होत्या तोवर पद्मिनीचा ५.२०-१४ मापाचा टायर हा रोजच्या खपाचा माल होता. दुकानात आला की महिन्या-दोन महिन्यांत रस्त्यावर असायचा. गाड्या कमी झाल्या की त्या मापाचा खप कमी होतो आणि माल गोदामात पडून राहतो. त्यामुळे जुन्या गाडीचा मालक ‘एकदम नवा, वापरलेला नाही’ असा टायर घेऊन घरी येतो, तेव्हा तो टायर न वापरलेला असतो हे खरे. पण तो नवा असेलच असे नाही. या दोन गोष्टींतला फरक समजण्यासाठी रबराचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

रबर म्हातारे कसे होते?

कुकरची रिंग दोन-तीन वर्षांत कडक होते आणि वाफ कडेने निसटू लागते. कपाटात पडून राहिलेला रबरबँड ताणायला गेले की तुटतो. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा चिरतो, आणि शस्त्रक्रियेच्या रबरी हातमोज्यांच्या खोक्यावर मुदत छापलेली असते, ती याच कारणाने. या वस्तू वापरून झिजलेल्या नसतात. हवेतल्या ऑक्सिजनने त्यांचे रबर बदललेले असते.

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवले, तेव्हा या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना जोडल्या गेल्या आणि ताणले तरी पूर्ववत होणारे, टिकाऊ रबर मिळाले. टायर कारखान्यातून बाहेर पडल्यावरही ही रसायनक्रिया थांबत नाही. ऑक्सिजन रबरात शिरतो, काही साखळ्या तोडतो आणि काहींमध्ये नको तितके नवे दुवे तयार करतो. रबराचा लवचीकपणा जातो, ते कडक आणि ठिसूळ होते. वयानुसार माणसाच्या रक्तवाहिन्या ताठ होतात, तसेच काहीसे.

हा ऑक्सिजन फक्त बाहेरून येत नाही. टायरमध्ये दाबाखाली भरलेल्या हवेतला ऑक्सिजनही हळूहळू आतून बाहेर झिरपत असतो आणि वाटेत टायरच्या थरांना गाठतो. रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे रबरात बसवलेले असतात. त्या पट्ट्यांच्या कडेचे रबर ठिसूळ झाले की थर एकमेकांपासून सुटू लागतात. वेगात, उन्हात, भार असताना एखाद्या दिवशी नक्षीचा अख्खा पट्टाच उखडून निघतो. नायलॉन टायरमध्ये पोलादी पट्टे नसतात, पण धाग्यांच्या थरांना धरून ठेवणारे रबर तिथेही तसेच जुने होते. हा बिघाड आत चालतो. वरून टायर काळाभोर आणि खोल नक्षीचा दिसत राहतो.

हवेतल्या ओझोनमुळे टायरच्या बाजूवर बारीक तडे जातात. ते रोखण्यासाठी कारखान्यात रबरात संरक्षक रसायने आणि मेण मिसळतात. चाक फिरताना टायर दबतो, सुटतो आणि हे मेण पृष्ठभागावर येत राहते. गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी राहिली की हे संरक्षण नीट मिळत नाही. म्हणजे ‘गाडी चालवतच नाही, टायरला काय होणार?’ हा हिशेब उलटा आहे.

यात कायद्याचीही एक बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाची विंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. पण असे वाहन रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच ते बाहेर काढायचे असते. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे या गाड्यांचे टायर झिजण्याऐवजी उभ्या उभ्या म्हातारे होणार, हेही ठरून गेले.

उष्णता आणि वय

बहुतेक रसायनक्रिया तापमानाबरोबर वेग घेतात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने टायरच्या वयाचा अभ्यास केला, तेव्हा एका मोठ्या विमा कंपनीची आकडेवारी पुढे आली. टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या उष्ण राज्यांत तिचे २७ टक्के ग्राहक होते. टायरसंबंधी दाव्यांपैकी मात्र ७७ टक्के तिथून आले होते. त्यातले ८४ टक्के दावे सहा वर्षांपेक्षा जुन्या टायरचे होते. मुंबईत हिवाळाही उबदार असतो. त्यामुळे थंड देशातल्या टायरचे आयुष्य इथल्या टायरला लावून चालणार नाही.

ब्रिटनमध्ये १० सप्टेंबर २०१२ रोजी एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुणांची बस सरे परगण्यात रस्ता सोडून झाडावर आदळली. पुढचा टायर फुटला होता. तिघांचा जीव गेला. त्या टायरची नक्षी नियमात बसत होती, पण वय होते १९ वर्षांहून अधिक. टायर बसपेक्षाही जुना होता. मृतांपैकी एका मुलाच्या आईने त्यानंतर अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना १० वर्षांपेक्षा जुने टायर लावण्यावर बंदी आली.

अभिनेता पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात ज्या अपघातात गेला, त्या पोर्श गाडीचे टायरही नऊ वर्षांचे होते. तपासात अपघाताचे मुख्य कारण बेफाम वेग हेच ठरले. मात्र टायरच्या वयाचाही गाडीच्या पकडीवर परिणाम झाला असावा, असे तपास यंत्रणांनी नोंदवले. संग्राहकांची गाडी, कमी वापर, देखण्या नक्षीचे जुने टायर, हे समीकरण महागड्या गाड्यांनाही चुकत नाही.

आपल्याकडे मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, असा नियम आहे. टायर गोटा झाला की तो बाद, हे सगळ्यांना पटते. पण हे माप झिजेचे आहे. वयाची अट त्या नियमात नाही, म्हणून ते तपासणे गाडीमालकाच्याच हाती राहते.

जुन्या गाडीत इजा जास्त

नव्या गाडीत टायर फुटला तर सीट बेल्ट, एअरबॅग आणि धक्का शोषून घेणारी पुढची रचना थोडेफार वाचवते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाडीत यांतले काहीच नसते. पुढचे चाक अचानक बसले की गाडी त्या बाजूला ओढली जाते आणि पॉवर स्टिअरिंग नसल्याने ती सरळ धरायला ताकद लागते. धडक झाली तर चालकाची छाती स्टिअरिंगच्या कडक दांड्यावर आपटते. बरगड्या मोडतात, फुप्फुसाला आणि हृदयाला मार बसू शकतो. शेजारच्याचे डोके काचेवर किंवा पत्र्याच्या डॅशबोर्डवर जाते. मान टेकायला आधार नसल्याने मानेला हिसका बसतो. मागच्या सीटवर नातवंडे असतात, तीही बेल्टशिवाय.

फुटण्याइतकाच घसरण्याचा धोका आहे. कडक झालेले रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. पावसाळ्यात वाकोला उड्डाणपुलावरून उतरताना ब्रेक दाबला आणि गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबली, तर दोष ब्रेकला दिला जातो. तो टायरचाही असू शकतो.

चार आकडे कसे वाचावेत

टायरच्या बाजूवर अक्षरे आणि आकड्यांची एक लांब ओळ असते. तिच्या शेवटी, बहुधा लंबगोल चौकटीत, चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ मधला २३ वा आठवडा, साधारण जूनची सुरुवात. ४७२४ म्हणजे २०२४ चा नोव्हेंबर. चारऐवजी तीनच आकडे दिसले, तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. नक्षी कितीही कोरी असली, तरी तो संग्रहात ठेवावा. रस्त्यावर आणू नये.

पूर्ण ओळ काही टायरवर एकाच बाजूला असते. गाडीला बसवलेल्या टायरवर ती आतल्या बाजूला गेली असेल, तर गाडी रॅम्पवर घेऊन बॅटरीच्या उजेडात खालून पाहावी लागते. दुकानात टायर रिमवर चढवण्याआधी दोन्ही बाजू पाहणे सर्वांत सोपे. चारही टायरवरचे आकडे वेगवेगळे असू शकतात, म्हणून प्रत्येक टायर स्वतंत्रपणे पाहावा. शक्य असल्यास बिलावर हे आकडे लिहून घ्यावेत. दूरच्या शहरातून मागवायचा असेल, तर पैसे देण्याआधी आकड्यांचा फोटो मागवावा.

तीन गोष्टींनी फसगत होते. पॉलिश मारलेला टायर चमकतो, पण चमक म्हणजे ताजेपणा नव्हे. रिमोल्ड टायरवरची नक्षी नवी असते, आतला सांगाडा जुनाच असतो. आणि झिजलेल्या टायरवर गरम पात्याने पुन्हा खाचा पाडल्या, तर उरलेसुरले रबरही पातळ होते. आकडे घासलेले किंवा खरवडलेले दिसले, तर तो टायर घेऊच नये. भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या टायरवर आयएसआय चिन्ह आहे का, हेही पाहावे.

किती वर्षे चालेल?

अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. काही टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि कमाल १० वर्षे, अशी मर्यादा घालतात. ब्रिटनच्या रबर उद्योगाच्या संघटनेने २००१ मध्येच सांगितले होते की सहा वर्षांहून जुना टायर न वापरलेला असला तरी नव्याने बसवू नये. हे वय बनवल्याच्या तारखेपासून मोजायचे, विकत घेतल्याच्या तारखेपासून नव्हे. चार वर्षे गोदामात राहिलेला टायर घेतला, तर आयुष्याचा मोठा हिस्सा दुकानदाराकडेच संपलेला असतो. मुंबईच्या हवेत जुन्या गाडीसाठी टायर घेताना तो वर्षभराच्या आतला मिळाला तर उत्तम, दोन वर्षांपर्यंतचा चालेल, आणि सहाव्या वर्षानंतर नक्षीकडे न पाहता बदलण्याची तयारी ठेवावी.

मूळ मापाचा ताजा टायर मिळत नसेल, तर जाणकार मेकॅनिकच्या सल्ल्याने रिमला आणि भाराला चालणारे जवळचे माप घ्यावे. एकाच आसावर एक नायलॉन आणि एक रेडियल असा जोड लावू नये. टायरबरोबर ट्यूबही नवी घालावी. स्टेपनीला विसरू नये. डिकीत वर्षानुवर्षे हवा भरून पडलेल्या स्टेपनीचेही वय वाढतच असते, आणि ती नेमकी घाटात कामाला येते.

घेतलेला टायर जपणेही सोपे आहे. गाडी सावलीत ठेवावी आणि पंधरा दिवसांतून एकदा थोडी फिरवावी. टायर थंड असताना हवा तपासावी, कारण कमी हवेने टायर तापतो आणि तापलेला टायर लवकर मरतो. फार दिवस उभी ठेवायची असेल, तर गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून चाकांवरचा भार काढावा. वेल्डिंगच्या ठिणग्यांजवळ आणि विजेच्या मोटारीजवळ टायर रचून ठेवू नयेत. तिथे ओझोन तयार होतो. बाजूवर तडे, कुठे फुगवटा किंवा चालताना नवी थरथर जाणवली, तर वय न पाहता टायर उतरवावा.

आणि रस्त्यात टायर फुटलाच, तर जोरात ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचलावा आणि वेग उतरला की डावीकडे थांबावे.

गाडीच्या रंगावर, क्रोमवर आणि सीटच्या कापडावर हजारो रुपये खर्च होतात. येत्या रविवारी ताडपत्री काढली की आधी खाली वाकून पाचही टायरवरचे आकडे वाचावेत आणि वहीत लिहून ठेवावेत. सहा वर्षांची रेघ ज्याने ओलांडली असेल, त्याच्या जागी नवा टायर बसेपर्यंत गाडी आवारातच राहू द्यावी.