गाण्यातला फ्लॉवर

“आई, आठ तासांची फिल्म आहे, बसशील?” लेकाने विचारलं. म्हटलं, “तेवढ्या वेळात माझे वर्षाचे पापड होतील!” तरी मेथीची जुडी निवडायला घेऊन बसले आणि खिळूनच राहिले.

‘बीटल्स’ हा इंग्लंडचा गाजलेला रॉक बँड. त्यांच्यावरचा ‘गेट बॅक’ हा माहितीपट पीटर जॅक्सन यांनी २०२१ मध्ये आणला. चित्रण मात्र जानेवारी १९६९ चं. गाणं म्हणजे कुणीतरी एकांतात बसून लिहायचं, अशी माझी समजूत. इथे तर चहा-टोस्ट खात, थट्टामस्करी करत गाणी होतात! पॉल मॅकार्टनी गिटार छेडत नुसतंच काहीतरी गुणगुणतो. शेजारी जॉर्ज हॅरिसन चक्क जांभई देतो. पण चाल आकार घ्यायला लागली, की हेच जण त्यात सामील होतात. मग कितीतरी दिवस शब्दांची घासाघीस. नावं घालून बघायची, जिभेवर बसली नाहीत की काढून टाकायची.

जॉर्ज ‘समथिंग’ या गाण्यात एका ओळीवर कित्येक महिने अडलेला. जॉन लेनन त्याला सांगतो, योग्य शब्द सापडेपर्यंत मनात येईल तो घाल, फ्लॉवर म्हण हवं तर! मला हसूच आलं. ‘येस्टरडे’ची चाल पॉलला सुचली, तेव्हाही शब्दांच्या जागी आधी अंडाभुर्जीच होती म्हणे!

पण हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही हं. आपल्या गाण्यांना किंमत मिळत नाही, असं जॉर्जला वाटे. १० जानेवारीला तो बँड सोडून निघूनच गेला. समजूत घातल्यावर काही दिवसांनी परतला. फ्लॉवरचा प्रसंग त्यानंतरचा. ‘समथिंग’ पुढे त्याच वर्षी गाजलं.

हे बघताना मला आमच्या बचत गटाची बैठक आठवली. वर्षपूर्तीसाठी गाणं रचायचं होतं. बोलत होतो आम्ही दोघी-तिघी शिकलेल्या. कोपऱ्यातली एक जण पुटपुटली, “मला एक सुचलंय, पण नीट नाही...” मी घाईत म्हटलं, “बरं, मग बघू.” पुढच्या दोन्ही बैठकींना ती आली नाही. मला वाटलं, शेतावर काम असेल.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. म्हटलं, “चुकलंच माझं.” मग फ्लॉवरची गोष्ट सांगितली. ती पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, “ताई, अर्धीच वळ हाय.” आणि जात्यावरच्या चालीत तिने ती म्हणून दाखवली.

पुढच्या अर्ध्या ओळीसाठी गटातल्या अकरा जणींनी मिळून दोन दुपारी घालवल्या. एका जागी अजून ‘भेंडी’च आहे. सापडेल तोही शब्द!

तुमच्या भिशीत, मंडळात कोपऱ्यातून कुणी पुटपुटलं, तर ‘मग बघू’ म्हणू नका. अर्धी ओळ तिच्याकडेच असते कदाचित.