हस्त सरला, चित्रा लागली

पाऊस थांबला की हवा गार व्हायला हवी. आपल्याकडे ती तापते. भोर तालुक्यातल्या कापूरहोळच्या परिसरात ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नेमके काय घडते, त्याचा हा मागोवा.

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की चाळीसेक किलोमीटरवर कापूरहोळचा चौक लागतो. उजवीकडचा रस्ता भोरला जातो, डावीकडचा नारायणपूरवरून सासवडला. पश्चिमेला राजगड-तोरण्याची रांग, पूर्वेला पुरंदर. तोरण्यापलीकडच्या घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर सासवड ओलांडून बारामतीकडे गेले की तो पाचशेच्या आसपास उरतो. कापूरहोळ या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात आहे. त्यामुळे ऋतू पालटतो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजू इथे पाहायला मिळतात.

हा पालट दोन दिनदर्शिकांमध्ये जवळजवळ एकाच वेळी नोंदलेला आहे. पंचांगाप्रमाणे 10-11 ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्र सोडून चित्रात जातो. भारतीय हवामान विभागाने 2020 मध्ये मोसमी पावसाच्या तारखा नव्याने ठरवल्या. त्यानुसार पुण्यातून मान्सून परतण्याची सरासरी तारीख 9 ऑक्टोबर आहे. हस्ताच्या पावसात हत्तीचे चित्र मांडून भोंडल्याचा फेर धरणाऱ्या पिढ्यांनी उपग्रह न पाहताही हा काळ अचूक हेरला होता.

मान्सून ‘गेला’ हे ठरवतात कसे? नुसती उघडीप पुरत नाही. माघार सुरू होते ती वायव्य राजस्थानातून. तिथे सलग पाच दिवस पाऊस नसावा, जमिनीलगतच्या दीडेक किलोमीटरच्या थरात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारे वारे प्रस्थापित व्हावेत आणि हवेतली वाफ ठळकपणे घटावी, अशा अटी आहेत. तिथून ही सीमारेषा दक्षिणेकडे सरकत आपल्यापर्यंत येते.

ऊन तेच, आभाळ वेगळे

ऑक्टोबरच्या उकाड्याचे खापर आपण सूर्यावर फोडतो. पण कापूरहोळच्या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेर. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो दुपारी क्षितिजापासून साधारण 64 अंशांवर असतो, म्हणजे बराच कललेला. तरीही पुण्याचे सरासरी कमाल तापमान ऑगस्टमधल्या सुमारे 28 अंश सेल्सिअसवरून ऑक्टोबरमध्ये 32 च्या आसपास जाते.

याची कारणे तीन. पहिले म्हणजे ढग हटतात. जुलैअखेरचे डोक्यावरचे ऊन ढगांच्या माथ्यावरूनच परत फिरते. ऑक्टोबरचे तिरपे ऊन थेट जमिनीवर पोचते. दुसरे कारण वारा. नैर्ऋत्येचा जोराचा वारा थांबलेला असतो आणि ईशान्येचा अजून स्थिरावलेला नसतो. या संधिकाळात पान हलत नाही आणि अंगावरचा घाम वाळत नाही.

तिसरे कारण जमिनीतले पाणी, आणि त्याचे काम जरा गुंतागुंतीचे आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 24 लाख ज्यूल ऊर्जा लागते. जमीन ओली असते तोवर उन्हाचा मोठा वाटा या कामी खर्ची पडतो. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला, भातखाचरे ओली असताना, तापमापीचा पारा फारसा चढत नाही. पण तीच वाफ हवेत राहते आणि जीव घुसमटतो. पुढे वरचा थर सुकला की ऊर्जा हवा तापवण्याकडे वळते. पारा चढतो, पण दमटपणा घटल्याने सावलीत बरे वाटू लागते. एकाच आठवड्यात उकाड्याची ही दोन रूपे भेटतात आणि दोन्हींना आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून मोकळे होतो.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात हाच काळ थंडीच्या वर्दीचा असतो. कॅनडाकडून येणाऱ्या थंड हवेला तिथे अडवायला आडवा डोंगर नाही. 11 नोव्हेंबर 1940 रोजी आयोवा-मिनेसोटा भागात सकाळी उबदार हवा होती आणि पुढच्या काही तासांत तापमान गोठणबिंदूच्या खाली कोसळले. त्या हिमवादळाने शंभरावर बळी घेतले. आपल्या उत्तरेला हिमालय उभा आहे. त्यामुळे आपली थंडी बाहेरून अंगावर येत नाही, ती बरीचशी इथेच रात्री तयार होते.

पहाटेचे दव कुठून येते?

पावसाळ्यातले ढग रात्री घोंगडीसारखे काम करतात. जमिनीने सोडलेली उष्णता ते पुन्हा खाली पाठवतात. ऑगस्टमध्ये पुण्याच्या दिवस-रात्रीच्या तापमानात सहा-सात अंशांचाच फरक असतो तो म्हणूनच. ऑक्टोबरमध्ये ही घोंगडी निघते, उष्णता थेट अवकाशात जाते आणि फरक तेरा अंशांच्या घरात पोचतो.

आता थोडे गणित. 32 अंशांची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त 34 ग्रॅम वाफ धरते, 18 अंशांची हवा फक्त 15 ग्रॅम. दुपारी हवेत 16 ग्रॅम वाफ असेल तर आर्द्रता पन्नास टक्क्यांच्याही खाली दिसेल. तीच हवा पहाटे 18 अंशांवर आली की ग्रॅमभर वाफ तिला पेलवत नाही. ती गवताच्या पात्यावर, भाताच्या लोंबीवर दव होऊन उतरते. हवेतच थेंब धरले तर धुके होते. दृश्यता एक किलोमीटरच्या खाली गेली की हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते.

डोंगराळ भागात यात आणखी एक भर पडते. गार हवा जड असते. पुरंदर आणि राजगडाच्या उतारांवर ती रात्री खाली घसरते आणि गुंजवणी, शिवगंगा, नीरेच्या काठांवर साचते. अशा वेळी वर जावे तशी हवा गार होण्याऐवजी काही अंतर उबदार होत जाते. हे तापमानाचे व्युत्क्रमण. महामार्गावरच्या गाड्यांचा धूर मग वर न जाता खालीच पसरतो. सकाळी गडावर ऊन आणि पायथ्याचे गाव धुक्यात, असे दृश्य दिसते त्याचे कारण हेच.

पूर्वेकडून येणारा पाऊस

मान्सून परतीला लागला तरी पाऊस संपत नाही, त्याची जात बदलते. जुलैत ढग राजगड-तोरण्याकडून येतात. घाटावरचे हे ढग बरेचदा उथळ असतात. त्यांच्यात बर्फ फारसा तयार होत नाही, म्हणून दिवसभर कोसळूनही ते क्वचितच गडगडतात. महाबळेश्वरला 2012 पासून चालणाऱ्या ढगभौतिकी प्रयोगशाळेत अशाच ढगांचा अभ्यास होतो. ऑक्टोबरमध्ये दुपारी जमीन तापते, उरलेली वाफ वेगाने वर उसळते आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. त्यांच्यातले बर्फकण आणि गारांचे मऊ गोळे एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात आणि वीज कडाडते. वरच्या थरातले वारे आता पूर्वेचे असल्याने हा पाऊस बहुधा पुरंदरच्या अंगाने येतो.

त्याची ताकद या पट्ट्याने 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पाहिली. कात्रज, खेड-शिवापूर आणि पुरंदरवर काही तासांत ढग रिते झाले. ओढे महामार्गावर आले, कऱ्हेच्या पुराने बारामतीपर्यंत लोकांना हलवावे लागले, आणि पुणे शहर व जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षी मान्सूनने राजस्थानातून माघार सुरू केली तीच 9 ऑक्टोबरला, नोंदींमधली सर्वांत उशिराची. पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 2020 रोजी, बंगालच्या उपसागरातून काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलेली प्रणाली तेलंगण ओलांडून थेट पुण्यावर आली.

या सगळ्याचा हिशोब शेवटी भाताच्या खाचरात होतो. भोर-वेल्ह्याचा इंद्रायणी भात या दिवसांत दाणा भरून पिवळा पडू लागतो. त्याला आता कोरडी हवा हवी. वळवाच्या थाटातली एक सर आली की लोंब्यांनी जड झालेले पीक लोळते, आणि पाण्यात टेकलेल्या दाण्याला कोंब फुटतात. गार रात्री आणि तासन्‌तास ओली राहणारी पाने करप्याला पोषक, तर दमट उबदार हवा तपकिरी तुडतुड्यांना. तुडतुडे लागले की हिरव्या-पिवळ्या शेतात जळल्यासारखी वर्तुळे दिसतात. म्हणून शेतकरी या आठवड्यात पावसाइतकाच दवाचाही अंदाज घेतो.

अडचण अशी की जिल्ह्याचा अंदाज खाचरापर्यंत पोचत नाही. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, पण एका मंडळात डझनभर गावे येतात आणि इथे एका डोंगराच्या दोन बाजूंनाही पाऊस सारखा पडत नाही. हे अंतर गावानेच भरून काढायला हवे. शाळेच्या आवारात एक साधे पर्जन्यमापक आणि एक कमाल-किमान तापमापी बसवावी, रोज सकाळी साडेआठला मुलांनी नोंद करावी. दहा वर्षांत गावाकडे स्वतःच्या हवामानाच्या नोंदी असतील. कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो पाहूनच कापणीला हात घालावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजांचा इशारा देते. ते प्रत्येक मळणीदाराच्या फोनवर असावे. आणि पुरंदरच्या बाजूने आभाळ काळवंडले, पहिला गडगडाट कानावर आला, की विळा खाली ठेवून पक्क्या छपराखाली जावे, झाडाखाली नव्हे.