रात्रभर 'रेव्हलरी'!

गेल्या श्रावणात आमच्या महिला मंडळानं सामुदायिक मंगळागौर केली. पुढं स्मरणिका निघाली तेव्हा त्यात एक पान इंग्रजीत असावं अशी टूम निघाली. 'तू शाळेत इंग्रजी शिकवतेस, तूच लिही!' झालं, काम माझ्या गळ्यात पडलं.

मीही हौसेनं डिक्शनरी घेऊन बसले. 'मौजमजा'साठी चार-पाच शब्द सापडले. त्यातला 'रेव्हलरी' कसा भारदस्त वाटला! दिलं ठोकून, 'आमच्या भगिनींची रेव्हलरी रात्रभर चालली होती.'

स्मरणिका शाळेत पोचली. आमच्या ज्येष्ठ बाईंनी ते पान वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, ''काय गं, मंगळागौरीला तुम्ही पीतबीत होतात की काय?'' सगळ्या खो खो हसल्या. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बी. ए. ला इंग्रजी घेतलेली मी!

घरी येऊन मोठा शब्दकोश काढला. बाईंचं खरंच होतं. रेव्हलरी म्हणजे नुसती मौज नव्हे, तर दंगामस्तीची, गोंगाटाची मौज. तिच्यात बहुतेक वेळा खाण्याबरोबर 'पिणं'ही आलंच. एकतीस डिसेंबरच्या रात्री रस्त्यावर धिंगाणा घालणाऱ्यांना इंग्रजी वर्तमानपत्रं 'रेव्हलर्स' म्हणतात, ते म्हणूनच. हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं यांना हा शब्द शोभायचा नाही. तिथं 'सेलिब्रेशन' किंवा 'फेस्टिव्हिटी' बरा. नुसत्या हसण्याखिदळण्याला 'मेरिमेंट' आहे. गंमत म्हणजे त्याच 'रेव्हल'ला पुढं 'इन' जोडलं की तो अगदी सोज्वळ होतो. आजी नातवंडांच्या कौतुकात रमते, तिथं 'रेव्हल्स इन' खुशाल म्हणावं. मुलांच्या वह्या तपासताना आणखी एक घोटाळा दिसतो. 'रिव्हील', म्हणजे उघड करणे, हा वेगळा शब्द आहे. त्याचा मौजेशी काही संबंध नाही.

पण खरी नवलाची गोष्ट पुढंच होती. 'रेव्हल' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'रेबेलारे'त आहे. रेबेलारे म्हणजे बंड करणे! म्हणजे 'रेबेल' आणि 'रेव्हल' या सख्ख्या बहिणी. दंगा आणि मौज एकाच घरच्या. म्हणूनच की काय, इंग्लंडच्या राजदरबारात मौजेवर देखरेख करायला 'मास्टर ऑफ द रेव्हल्स' नावाचा अधिकारीच असे. 1579 साली एडमंड टिल्नी या पदावर आले. नाटकं आधी वाचून ती करायला परवानगी द्यायची की नाही, हे तेच ठरवत. शेक्सपिअरच्या काळातली नाटकंसुद्धा त्यांच्या नजरेखालून जात.

रात्री जेवताना मी ही सगळी कथा सांगितली. हे हसले, पण सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ''बंडच होतं गं ते. आमच्या वेळी सुनेनं मोठ्यानं हसायची सोय नव्हती. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं तर विचारावं लागे. पण मंगळागौरीच्या रात्री? झिम्मा, फुगडी, कोंबडा, पिंगा, नुसतं अंगण दणाणून सोडायचो! गाण्यातून सासरच्यांची नावं घेऊन चेष्टा करायचो आणि कुणाची 'हूं' म्हणायची छाती नव्हती. वर्षातली तेवढीच रात्र आमची.''

मी गप्पच झाले. शब्द चुकला होता, पण मुळापर्यंत गेलं तर फारसा चुकलाही नव्हता! तरी मुलींना वर्गात सांगताना मी हेच सांगते, शब्दाचं कूळ कितीही चांगलं असो, माणसासारखीच त्याचीही पारख आज तो कुणाच्या संगतीत असतो यावरून होते.

पानं आवरताना सासूबाई सहज म्हणाल्या, ''पण तुझ्या त्या वाक्यात दुसरी चूक आहे, ती कुणाला दिसली नाही.''

''कोणती?''

''रात्रभर! साडेनऊला तर हॉल बंद झाला. सकाळी डबे करायचे म्हणून तुम्ही सगळ्या घड्याळाकडे बघत पळालात.''

अगदी खरं होतं. आम्हांला आता मोठ्यानं हसायला कुणाची परवानगी लागत नाही, पण हसायला सवड कुठे आहे?

मैत्रिणींनो, येत्या श्रावणात मंगळागौर आमच्या घरी आहे. जागरण खरोखरचं, पहाटेपर्यंत. सकाळचा चहा आणि मुलांचे डबे हे करणार आहेत. तसं त्यांच्याकडून सासूबाईंसमोर कबूल करून घेतलंय. आणि पुढच्या स्मरणिकेत मी 'रात्रभर' हा शब्द छातीठोकपणे लिहिणार आहे. 'रेव्हलरी'चं काय करायचं, ते बाईंना विचारून ठरवीन!