ऑनलाईन खरेदीतील सदोष वस्तू आणि ग्राहकाची दाद

गुवाहाटीतील एखाद्या विद्यार्थ्याने संकेतस्थळावरून ४५ हजार रुपयांचा लॅपटॉप मागविला, असे समजू. वर्णनात १६ जीबी स्मृती आणि 'नवीन' असा उल्लेख होता. प्रत्यक्षात आलेल्या यंत्रात ८ जीबी स्मृती निघाली, शिवाय तासाभराने पडदा बंद पडू लागला. विक्रेता दिल्लीचा, संकेतस्थळ चालविणाऱ्या कंपनीचे कार्यालय बंगळुरूत, तर उत्पादकाचे सेवा केंद्र 'दुरुस्तीसाठी ठेवून जा' असे सांगणारे. विद्यार्थ्याची परीक्षा तोंडावर आलेली. अशा वेळी उत्तरदायित्व कोणाचे, या प्रश्नाभोवती ई-वाणिज्यातील ग्राहक संरक्षणाचा बराचसा कायदा उभा आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही माहितीच्या विषमतेची समस्या होय. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, वस्तूचा दर्जा विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात असेल, तर निकृष्ट माल चांगल्या मालास बाजाराबाहेर ढकलतो. या कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पुरस्कार मिळाला. दुकानात ग्राहक निदान यंत्र चालवून पाहू शकतो. ऑनलाईन व्यवहारात खरेदीच्या क्षणी त्याच्यासमोर वस्तू नसतेच, असते ते केवळ वर्णन. त्यामुळे वर्णनाच्या सत्यतेस येथे असाधारण महत्त्व प्राप्त होते.

दोष वेगळा, चुकीचे वर्णन वेगळे

वरील उदाहरणात दोन स्वतंत्र तक्रारी आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यास ग्राहकाचे नुकसान होते. पडदा बंद पडणे हा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(१०) मधील 'दोष' आहे. ८ जीबीचे यंत्र १६ जीबीचे म्हणून विकणे ही मात्र कलम २(४७) नुसार 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरते. जुनी वा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणेही याच कलमात येते. हमीपत्र दोषावर उपाय करते, चुकीच्या वर्णनावर नाही. सेवा केंद्राने पडदा उत्तम बसवून दिला तरी जे यंत्र मागविले होते ते मिळालेले नसतेच. म्हणूनच 'आधी दुरुस्ती करून घ्या' हा सल्ला मुकाट्याने स्वीकारणे बहुधा ग्राहकाच्या हिताचे नसते.

यासंदर्भात एका जुन्या कायद्याकडे अभ्यासकांचे सहसा दुर्लक्ष होते. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून झालेल्या विक्रीत वस्तू वर्णनाशी जुळलीच पाहिजे, ही गर्भित शर्त असते. तिचा भंग झाल्यास ग्राहक वस्तू नाकारू शकतो. परंतु कलम ४२ प्रमाणे वाजवी मुदतीत नकार न कळविता वस्तू जवळ ठेवल्यास ती स्वीकारली असे मानले जाते आणि मग सामान्यतः केवळ नुकसानभरपाईचा हक्क उरतो. यातून पहिल्याच दिवसांत 'ही वस्तू मी नाकारत आहे' असे लेखी कळविण्याचे महत्त्व लक्षात येईल. उत्पादनाच्या पृष्ठाचे छायाचित्र, बीजक, यंत्राचा अनुक्रमांक आणि त्यातील प्रत्यक्ष स्मृती दर्शविणारे चित्र ही तक्रारीची खरी भांडवली सामग्री होय. संकेतस्थळावरील वर्णन विक्रेता केव्हाही बदलू शकतो, ही गोष्ट ध्यानात घेतलेली बरी.

मंच आणि विक्रेता

'आम्ही केवळ मंच आहोत' हे उत्तर ग्राहकांच्या परिचयाचे आहे. त्याचे मूळ परकीय गुंतवणुकीच्या धोरणात सापडते. भारतात ई-वाणिज्याच्या बाजारमंच प्रारूपात १०० टक्के थेट परकीय गुंतवणुकीस अनुमती आहे. स्वतःच्या मालकीचा साठा विकणाऱ्या प्रारूपात मात्र २०१६ च्या धोरणाने ती नाकारली. परिणामी मोठे मंच कायद्याच्या दृष्टीने विक्रेते नसतात. हमीची जबाबदारीही त्याच धोरणाने विक्रेत्यावर सोपविली.

ही पोकळी भरून काढण्याचा प्रयत्न ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांनी केला. वस्तू सदोष असल्यास किंवा जाहिरातीतील वैशिष्ट्यांशी जुळत नसल्यास विक्रेत्यास ती परत घेण्यास वा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. मंचाने विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि परतावा व हमीविषयीची माहिती ठळकपणे द्यावयाची आहे, तसेच प्रत्येक तक्रारीस क्रमांक द्यावयाचा आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि एक महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. मंचावरील वस्तू वर्णनाशी जुळते, असे लेखी आश्वासन मंचाने विक्रेत्याकडून घेतले पाहिजे, अशीही तरतूद आहे.

आयोगाकडे जाताना

मंचाने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तिचे स्वरूप वादपूर्व तडजोडीचे आहे, निवाडा देण्याचा अधिकार तिला नाही. २०२० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण ग्राहकवर्गाच्या सामूहिक हितासाठी आहे. ते दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस प्रथम १० लाखांपर्यंत दंड करू शकते, पण एकट्या ग्राहकाचे पैसे मिळवून देणे हे त्याचे काम नव्हे. परीक्षार्थींच्या उत्तरांत या दोन संस्थांची सरमिसळ वारंवार आढळते.

निवाडा देतो तो जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांचे दावे त्याच्या कक्षेत येतात आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. १९८६ च्या कायद्यात विरुद्ध पक्षाचे ठिकाण किंवा वादाचे कारण जेथे उद्भवले ते ठिकाण पाहावे लागे. २०१९ च्या कायद्याने कलम ३४ द्वारे ग्राहकाच्या निवासाच्या किंवा कामाच्या ठिकाणीही तक्रार करण्याची मुभा दिली. गुवाहाटीच्या विद्यार्थ्यास आता दिल्ली वा बंगळुरू गाठावे लागत नाही. ऑनलाईन खरेदीच्या दृष्टीने नव्या कायद्यातील हा बहुधा सर्वांत मोलाचा बदल म्हणावा लागेल. तक्रार दोन वर्षांच्या आत करावयाची असते. आयोग दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, रक्कम परत करणे तसेच भरपाई देणे असे आदेश देऊ शकतो.

खरी अडचण कालावधीची आहे. कायद्याने शक्यतो तीन महिन्यांत आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत निकाल अपेक्षिला आहे. मात्र आयोगांतील रिक्त पदांची दखल सर्वोच्च न्यायालयास २०२१ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली होती. लॅपटॉपसारख्या वस्तूचे मूल्य झपाट्याने घसरते आणि परीक्षेचा हंगाम निघून गेल्यावर मिळालेला परतावा पूर्वीइतका उपयोगाचा राहत नाही. विक्रेताही हे जाणतो आणि काहीशा कमी रकमेची तडजोड पुढे करतो. स्मृतीमधील फरक मात्र यंत्राच्या पडद्यावरच दिसतो, त्यासाठी सहसा प्रयोगशाळा लागत नाही. त्यामुळे ज्या तक्रारीत दोषापेक्षा चुकीच्या वर्णनाचा मुद्दा अग्रभागी असतो, ती सिद्ध करणे तुलनेने सोपे जाते.

वाणिज्यिक प्रयोजनासाठी खरेदी करणारा या कायद्याखाली ग्राहक नाही. तथापि स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच वस्तू वापरणाऱ्यास अपवाद आहे. घरी बसून भाषांतर वा टंकलेखन करून चरितार्थ चालविणारी व्यक्ती आपल्या लॅपटॉपविषयी आयोगाकडे जाऊ शकते. कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लॅपटॉप घेणाऱ्या कंपनीपुढे मात्र हा वाणिज्यिक प्रयोजनाचा प्रश्न उभा राहतो.