वॉटांचा दिमाख आणि कानांचा हिशेब

घरी संगीत ऐकण्यासाठी ॲम्प्लिफायर घ्यावयास निघालेला गृहस्थ दुकानात पाऊल टाकताच पहिला प्रश्न करतो तो "वॉट किती?" हा, आणि ज्या आकड्याने गिऱ्हाइकाचे समाधान होईल तो आकडा पुढे करण्यास दुकानदारही कचरत नाही. खोक्यावर हजार-हजार वॉटांचे 'पी.एम.पी.ओ.' मिरवणारी आणि पोटात जेमतेम दहापाच वॉटांचे सामर्थ्य बाळगणारी यंत्रे आपल्या बाजारात वर्षानुवर्षे सुखेनैव खपली, कारण त्या चार अक्षरांमागे कोणत्याही मान्य मापनपद्धतीचे बंधन नव्हते. अशाच बेबंदशाहीला आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला, की यंत्र आधी नमूद शक्तीच्या एकतृतीयांशावर तासभर चालवून तापवावे आणि त्यानंतर ते सलगपणे जितके वॉट देईल तितकेच जाहिरातीत छापावेत.

परंतु वॉट प्रामाणिक असला तरी तो अर्धाच हिशेब होय. उरलेला अर्धा स्पीकरच्या दप्तरी असतो आणि त्याचे नाव संवेदनक्षमता. स्पीकरला एक वॉट शक्ती देऊन एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, एवढाच तिचा अर्थ. घरगुती स्पीकरांत हा आकडा बहुधा ८५ ते ९० च्या दरम्यान असतो. ८८ डेसिबलचा स्पीकर मिळालेल्या विजेपैकी अर्धा टक्कासुद्धा ध्वनीत रूपांतरित करीत नाही, बाकीची सारी त्याच्या तांब्याच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जाते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. पूर्वी असे नव्हते. दहा-पंधरा वॉटांच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांनी दिवाणखाने भरून जात, कारण त्यांच्या दिमतीला मोठाल्या पेट्या आणि कर्णे असत. १९५४ साली एडगर व्हिल्चर याने हवाबंद लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखविला, तेव्हा त्या सोयीची किंमत संवेदनक्षमतेने चुकती केली आणि वॉटांची मागणी चढू लागली.

आता प्रत्यक्ष आकडेमोड करू. ८८ डेसिबलचे दोन स्पीकर, प्रत्येकास एक वॉट, आणि श्रोता तीन मीटरवर. अंतरापायी मोकळ्या जागेत सुमारे साडेनऊ डेसिबल वजा होतात, दुसऱ्या स्पीकरमुळे तीन जमेस येतात आणि भिंतींकडून परतणारा आवाज थोडी भर घालतो. म्हणजे कानाशी ८२ च्या आसपास शिल्लक राहते. निवांतपणे ऐकणाऱ्याची सरासरी ७२ डेसिबल धरली, तर तिला एका वॉटाचा दशांश पुरतो! मात्र तानपुऱ्याच्या संथ झंकारावर तबल्याची खणखणीत थाप पडते, त्या निमिषार्धात ध्वनी सरासरीच्या वीसएक डेसिबल वर उसळी घेऊ शकतो, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. दशांश वॉटाचे झाले दहा वॉट. याच मनुष्याला आवाज दुप्पट हवासा वाटला, तर कानाच्या हिशेबी दुप्पट म्हणजे सुमारे दहा डेसिबल अधिक, यंत्राच्या हिशेबी दसपट. तीच थाप आता शंभर वॉट मागते. उलट, पन्नासाऐवजी साठ वॉटांचे यंत्र घेण्यासाठी जो जादा पैसा मोजतो, त्याच्या पदरात एक डेसिबलही पडत नाही.

दहा वॉटांच्या यंत्राकडे शंभर मागितले तर काय होते? त्याच्या वीजपुरवठ्याची मर्यादा ठरलेली असते. तिच्यापलीकडे तरंगाचा माथा जाऊ शकत नाही, आणि तो सुरीने कापावा तसा सपाट होतो. असा पुरता चौकोनी झालेला तरंग त्याच उंचीच्या निर्मळ तरंगाच्या दुप्पट शक्ती वाहतो. त्यातच गोम अशी, की खर्जाची उंची मर्यादेला अडली असता नॉब पुढे फिरवीत राहिले तर वरच्या स्वरांचा वाटा वाढतच जातो आणि तो सारा इंचभर व्यासाच्या नाजूक ट्वीटरवर येऊन कोसळतो. पाटीवर पन्नास वॉट लिहिलेल्या स्पीकरातील ट्वीटर स्वतः काही थोडेच वॉट सतत सोसू शकतो, कारण सामान्य संगीतात उच्च स्वरांची शक्ती अल्प असते, या भरवशावर तो बनविलेला असतो. म्हणून दुबळ्या यंत्राच्या हातून स्पीकर जळतात; समारंभांत हे नित्य घडते आणि दोष मात्र स्पीकरच्या माथी मारला जातो. बलवान यंत्रानेही वेटोळे जळेल किंवा पडदा फाटेल, नाही असे नाही. पण हात आवरता येणाऱ्या माणसाला त्याचे भय कमी, कारण आवाज नको तितका मोठा झाल्याचे कान आधीच कळवितो. स्पीकरच्या सतत सोसण्याच्या शक्तीइतके ते दुप्पट, अशा टप्प्यातील ॲम्प्लिफायर निवडण्याचा जो प्रघात आहे, तो मला योग्य वाटतो.

नॉबच्या आकड्यांवर विश्वास टाकू नये, ही गोष्ट जाता जाता सांगितलेली बरी. सीडी प्लेअर दोन व्होल्टपर्यंत संकेत देतो, पुष्कळ ॲम्प्लिफायरना पूर्ण शक्तीसाठी त्याचा चतुर्थांशही पुरतो. परिणामी नॉब अर्ध्यावर असतानाच यंत्राचा दम संपलेला असू शकतो. ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या विद्युत्-अवरोधाचा, प्रश्नही दृष्टीआड करून चालणार नाही. आठ ओहमच्या दोन जोड्या एकाच यंत्राला समांतर जोडल्या की भार चार ओहमचा होतो, विद्युत्प्रवाह दुणावतो, आणि तेवढ्याची तरतूद नसलेले यंत्र तापून बंद पडते.

तेव्हा दुकानात आधी स्पीकर ठरवावा, त्याची संवेदनक्षमता आणि ओहम विचारून घ्यावेत, आणि मग त्याच ओहमवर दोन्ही बाजू एकाच वेळी चालवून मोजलेले सलग वॉट मागावेत. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर मिळाला, तर पन्नास वॉटांचे यंत्र शंभर वॉटांचे काम करते.