दुखऱ्या पायासाठी जागची सायकल

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागतं. भल्या पहाटे या रस्त्याच्या कडेनं पोरं-पोरी पळताना दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. त्या काही मिनिटांसाठी महिनोन्‌महिने डांबरावर, मिळतील त्या बुटांत तयारी चालते. संध्याकाळी कबड्डी असतेच. सततच्या हादऱ्यांनी नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते, पकडीत पाय अडकून गुडघ्याचं लिगामेंट तुटतं, मोटारसायकल घसरून कॉलरबोन मोडतं. ऑपरेशन परभणीला किंवा नांदेडला होतं, टाके निघतात, पेशंट गावी येतो. फिजिओथेरपिस्टनं सांगितलेलं असतं, ‘सायकल चालवा, पण रस्त्यावर नको.’ मग घरातलं कुणीतरी मोबाइल हातात घेऊन जागच्या जागी चालणारी सायकल शोधायला बसतं. तिथे पाच हजारांपासून लाखापर्यंतचे आकडे दिसतात आणि सगळ्याच सायकली सारख्याच वाटतात. त्या सारख्या नसतात. चुकीची घेतली तर पैसे जातातच, कधी कधी बरा होत आलेला गुडघाही पुन्हा सुजतो.

डॉक्टर सायकलच का सांगतात? शरीराचं वजन सीटवर असतं, त्यामुळे जमिनीचा हादरा सांध्यापर्यंत पोचत नाही. तरीही सांधा फिरत राहतो आणि पडून राहून वाळलेली मांडी हळूहळू भरते. ही कल्पना जुनी आहे. स्टॉकहोममध्ये गुस्ताव झांडर या डॉक्टरनं १८६५ मध्ये यंत्रांच्या मदतीनं व्यायाम-उपचार करणारी संस्था काढली. डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ मध्ये विद्युतचुंबकीय ब्रेक असलेली मोजमापाची सायकल मांडली. आज बाजारात दिसणारी ‘मॅग्नेटिक’ सायकल त्याच कुळातली.

निवडताना माझ्या मते पहिला प्रश्न किमतीचा नाही आणि कंपनीचाही नाही. गुडघा किती वाकतो, हा पहिला प्रश्न. पायडल पूर्ण गोल फिरवायचं तर गुडघा साधारण १०५ ते ११० अंश वाकावा लागतो. फिजिओथेरपिस्टकडे कोन मोजायची साधी पट्टी असते. तिनं मोजून आकडा कागदावर लिहून घ्यावा. ९० अंशच वाकत असेल तर महागडं यंत्र आणूनही पाय वरच्या टोकाला अडकणार. अशा वेळी पायडल अर्धं पुढे, अर्धं मागे असं झुलवायचं असतं, आणि सीट नेहमीपेक्षा थोडी उंच ठेवायची, म्हणजे वाकण कमी लागते. सीट किती उंच? टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली न्यायचं. पाय जेमतेम सरळ झाला की उंची जमली. त्याहून फार वर नेली तर कंबर डावी-उजवीकडे डुलू लागते आणि मग पाठ धरते. गुडघ्यातला मेनिस्कस, म्हणजे आतली कूर्चेची गादी, शिवलेला असेल तर किती वाकवायचं याची मर्यादा सर्जननं घातलेली असते. ती थोडीही ओलांडू नये.

दुसरा प्रश्न: भार कुणाच्या ताब्यात? ऑनलाइन सर्वांत जास्त डोळ्यांत भरते ती जिममधली स्पिन बाइक. तिचं पुढचं लोखंडी चाक जड असतं आणि पुष्कळशा मॉडेलांत ते पायडलशी थेट जोडलेलं असतं. एकदा वेग घेतला की चाकच पायाला ओढून नेतं. कळ आली म्हणून पाय थांबवू म्हटलं तर थांबत नाही, दाबून ब्रेक लावावा लागतो. धडधाकट माणसाला ती उत्तम. ताज्या गुडघ्याला मी ती कधीच सुचवणार नाही. पहिल्या काही आठवड्यांसाठी साधी, उभ्या बैठकीची मॅग्नेटिक सायकल बरी. पाय थांबवला की लगेच थांबते असं दुकानातच चालवून पाहावं. भार कमी-जास्त करायला गोल बटण असतं, सीट वर-खाली होते. कंबर किंवा पाठ दुखावलेली असेल, वय जास्त असेल, तर पाठीला टेका असलेली आडवी सायकल. तिच्यावर चढायला पाय उंच उचलावा लागत नाही. खुर्चीत बसून फिरवायची नुसत्या पायडलची छोटी पेटी अगदी सुरुवातीला चालते, पण शहाबादी फरशीवर ती घसरते. खाली रबरी मॅट घालून भिंतीला टेकवून ठेवावी लागते.

घरात गिअरची सायकल आधीच असेल तर ट्रेनरचा विचार करता येतो. मागचं चाक चिमट्यात धरून रुळावर टेकवणारा ट्रेनर स्वस्त असतो. त्यात मॅग्नेटिक आणि फ्लुइड असे दोन प्रकार. फ्लुइडमध्ये जितकं जोरात फिरवाल तितका भार आपोआप वाढतो, हळू केलं की उतरतो; म्हणून दुखऱ्या पायाला तो मानवतो. दोन्हींना वीज लागत नाही आणि गावात ही लहान गोष्ट नव्हे. पण घेण्यापूर्वी मागच्या चाकाचा आस पाहावा. काळ्या दणकट सायकलीचा आस नटांनी आवळलेला असतो आणि ट्रेनरचा चिमटा त्यावर बसेलच असं नाही. वेगळा नट मागवावा लागतो. जाड खाचांचा टायर रुळावर घरघरतो आणि लवकर झिजतो. गुळगुळीत टायर घालावा, हवा प्रत्येक वेळी सारखी भरावी. तीन लाटण्यांसारख्या रोलरवर तोल स्वतः सांभाळावा लागतो, म्हणून दुखापत असताना रोलर नकोच.

स्मार्ट ट्रेनर हे वेगळं प्रकरण आहे. मागचं चाक काढून सायकल थेट त्यावर बसवायची, मोबाइलशी जोडायचं, की किती वॅट ताकद लागली ते दिसतं. दोन्ही पायांचा वेगवेगळा हिशेब मात्र बहुतेक ट्रेनर देत नाहीत, हे विकणारे सांगत नाहीत. शिवाय त्यात ‘अर्ग मोड’ असतो: यंत्र ठरलेले वॅट धरून ठेवतं. दुखलं म्हणून तुम्ही हळू झालात की यंत्र तेवढाच भार भरून काढण्यासाठी पायडल आणखी जड करतं. बऱ्या होत असलेल्या पायाला हे नेमकं उलटं आहे. घेतलाच तर तो मोड बंद ठेवावा. वीज गेली की अनेक यंत्रांचा भारच बदलतो. बिघडलं तर दुरुस्तीला पुण्या-मुंबईला धाडावं लागतं, आणि खोकं जपून ठेवलेलं नसेल तर तेही कठीण.

तरी या यंत्रांनी काय साधतं हे पाहायचं तर ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू हेमन आठवावा. २७ फेब्रुवारी २०१६ ला बेल्जियममधल्या शर्यतीत पडून त्याच्या हाताचं हाड मोडलं. त्यानं गॅरेजमध्ये ट्रेनर लावला, मोडका हात शिडीवर टेकवला आणि पाय चालू ठेवले. १० एप्रिलला तो पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांची शर्यत जिंकला. आपल्याकडे लष्करातले लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ‘रॅम’ (रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका) या सायकल शर्यतीच्या तोंडावर सरावात पडले, कॉलरबोन मोडलं आणि शर्यत हुकली. पुढच्या वर्षी कोरोनामुळे तीच शर्यत ट्रेनरवर झाली. बंगळुरूत घरी बसून त्यांनी सुमारे १२ दिवसांत ४००० किलोमीटरच्या वर अंतर कापलं आणि तिसरा क्रमांक मिळवला. मात्र हेमनचा हात मोडला होता, पाय नव्हे. हात किंवा खांदा दुखावला असेल तर घट्ट रोवलेल्या सायकलीवर पाय खुशाल दमवावेत. गुडघा किंवा मांडी असेल तर तो हिशेब लागू होत नाही.

झरीसारख्या गावात आणखी एक गोष्ट मोजावी लागते, ती म्हणजे ऊन. मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. जागच्या सायकलीवर वारा लागत नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी अर्धा तास पायडल मारणं धोक्याचं आहे. पहाटे किंवा दिवे लागल्यावर, समोर पंखा, शेजारी मीठ-साखरेचं पाणी. घामानं सायकल गंजते, म्हणून हँडलवर जुना टॉवेल टाकावा. घरात लहान मूल असेल तर खोलीला कडी हवीच. फिरत्या चाकात मुलाची बोटं जायला क्षण पुरतो. ओढणी, साडीचा पदर, पायजम्याचं टोक साखळीपासून दूर.

सुरुवात किती? भार शून्य, पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी लागते: गुडघ्याची सूज वाढली असेल तर काल जास्त झालं, आज निम्मं करायचं. पोटरी टणक होऊन सुजली आणि दुखायला लागली, किंवा छातीत कळ आली, दम लागला, तर सायकल सोडून लगेच दवाखाना. रक्ताची गुठळी झाल्याची ती लक्षणं असू शकतात.

नवी घेण्याआधी भाड्यानं किंवा जुनी मिळते का ते विचारावं. अनेकांना ती काही महिनेच लागते, नंतर तिच्यावर कपडे वाळतात. गावोगावी बसवलेल्या खुल्या व्यायामशाळेतल्या सायकलीची सीट सहसा वर-खाली होत नाही, त्यामुळे ती पेशंटच्या कामाची नाही. सीट हलणारी एकच चांगली मॅग्नेटिक सायकल गावच्या तालमीनं किंवा आरोग्य केंद्रानं ठेवली, तर वर्षभरात कितीतरी गुडघ्यांचं काम होईल. सीटच्या दांडीवर खुणा कराव्यात आणि प्रत्येकाचा आकडा वहीत लिहावा, म्हणजे पुढच्याला पुन्हा मोजत बसावं लागणार नाही.