गोळी सुटते ती पहिल्या पंधरवड्यात

चिंताविकारावरची गोळी सुरू केली आणि चार दिवसांत गुण आला, असे सहसा होत नाही. एस्सिटालोप्रॅम किंवा सरट्रालीनसारख्या औषधांचा परिणाम जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, बिघडलेली झोप, क्वचित वाढलेली घालमेल मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होते. हे आधी कोणी सांगितले नसेल, तर ‘गोळी मानवत नाही’ म्हणून रुग्ण ती बंद करतो. त्याला दोष तरी कसा द्यावा?

नागपुरात मेडिकल, मेयो आणि प्रादेशिक मनोरुग्णालयात पार गोंदिया-गडचिरोलीहून रुग्ण येतात. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना एवढे समजावायला सवड मिळणे कठीण. हे काम सिस्टर करू शकतात. पण त्यासाठी प्रशिक्षण हवे, आणि त्याची सुरुवात प्रश्न विचारण्यापासून होते. ‘गोळ्या घेता ना?’ याला उत्तर ‘हो’ असेच येणार. ‘ताई, मागच्या आठवड्यात किती दिवस गोळी राहून गेली?’ असे विचारले की खरे बाहेर येते. गोळ्यांची पिशवी उघडून पाहणेही शिकावे लागते. कारण बरेचदा अर्ध्या तासात शांत करणारी अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपाम संपलेली असते आणि रोजची मुख्य गोळी तशीच उरलेली. सवय लागण्याची भीती खरी आहे ती पहिलीबाबत. लोक धास्तावतात दुसरीला! मात्र ही दुसरीही एकदम थांबवली तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखे वाटते. म्हणून तीसुद्धा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायची.

गोव्यात असा प्रयोग झाला आहे. ‘मानस’ या अभ्यासात नैराश्य व चिंतेच्या रुग्णांसाठी परिचारिकाही नव्हे, तर प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक नेमले होते. समुपदेशनासोबत औषधे चालू आहेत ना, याचा पाठपुरावाही ते करत. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी 65.9 टक्के रुग्ण बरे झाले. नेहमीच्या उपचारांत 42.5 टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

बरे वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालते. मध्येच जीव द्यावासा वाटू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.